तीन थांबे

पंचायत समितीच्या मागे, पूर्वी बियाण्यांची पोती ठेवायचे
त्या खोलीत दर गुरुवारी आम्ही बसतो.
भिंतीला अजून धानाचा वास आहे.
ठवकर सर ब्रेलच्या पाट्या सरकवून जागा करतात,
रुखसार मॅडम श्रवणयंत्रांचे सेल मोजतात,
मी जुन्या रजिस्टरातला एक शब्द
बारा वर्षांपासून खोडते आहे,
दरवर्षी कोणीतरी तो पुन्हा लिहितो.

सत्तावीस गावं, तिघं जण, एक मोटरसायकल.

सगळ्यात जाड फाईल टिकेश नेवारेची.
डाव्या कानाने कमी ऐकतो, म्हणून रुखसार मॅडमचा.
पन्नासच्या पुढे आकडे सांडतात, म्हणून माझा.
डोळे चांगले आहेत,
तरी ठवकर सर म्हणाले, माझापण.

डिसेंबरात त्याला अठरा पूर्ण.
आमच्या खात्यात मुलगा एका रात्रीत मोठा होतो
आणि फाईल कपाटात जाते.

आराखड्यात बारा ध्येयं होती, माझ्याच अक्षरात.
त्याची आई अंतकलाबाई म्हणाली,
भात रांधते तो. माह्या हातचा खाल्ला का म्हनते, मीठ कमी.
हे तेरावं कोणी लिहिलं नव्हतं.
मग रुखसार मॅडमनी त्यालाच विचारलं,
त्याच्या उजव्या बाजूला बसून, ओठ दिसतील असं.
तो पंख्याकडे पाहत राहिला. चहावर साय आली.
मिलमंदी पोते शिवतो, म्हणाला.
येकटा जातो.
तुमी येऊ नोका.

मी नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले.
दोन गुरुवार आम्ही भांडलो,
तिसऱ्या गुरुवारी कामाला लागलो.
रुखसार मॅडमनी कंडक्टरला दाखवायचं चित्र काढलं:
मिल, तिची चिमणी, खाली गावाचं नाव.
मी नोटा रंगांनी शिकवल्या,
आणि दोरी: दहा पोती झाली की एक गाठ.
ठवकर सरांनी त्याचे डोळे रुमालाने बांधले,
आंधळ्या पोरांना शिकवतात तसं रस्त्यावरून चालवलं.
कोंडा जळल्याचा वास आला
की पुढचा थांबा तुझा.

सोमवारी, बाजाराच्या दिवशी, तो निघाला.
येऊ नका म्हणाला होता, म्हणून आम्ही लपलो.
खैरीटोल्याच्या फाट्यावर मी, पंक्चरवाल्याच्या आडोशाला.
बारव्ह्यात रुखसार मॅडम, पेरूच्या ढिगामागे.
मिलच्या फाटकाशी ठवकर सर, उन्हात हेल्मेट घालून.

चढला, मी कळवलं.
खिडकीशी आहे, मॅडमनी कळवलं.
मग वीस मिनिटं काही नाही.
मग सरांचा फोन: बस आली. तो उतरला नाही.

त्या दुपारी मी मनातल्या मनात
किती नोकऱ्या सोडल्या ते सांगत नाही.

तो आला. बाजाराच्या बाजूने, पायी,
सरांसमोरून सरळ फाटकाच्या आत.
हातात कागदात गुंडाळलेलं नवं दाभण.
मागच्या महिन्यात मिल दाखवायला नेलं तेव्हा
त्याने पाहून ठेवलं होतं,
आम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं:
मिलवाल्याचं बोथट आहे.
एक थांबा पुढे गेला, लोखंडाच्या दुकानात,
हिरवी नोट दिली, उरलेले पैसे मोजून घेतले.
दोन रुपये कमी होते. तेही मागितले.

गुरुवारी खोलीत आला, उभाच राहिला.
तुमी तिघंबी रस्त्यानं काहून होते जी?
आम्ही फायलीत पाहू लागलो.
सर, उनात हेल्मेट काहून?
हव जी, म्हणाले सर, चुकलं.

माघात त्या रस्त्याने जात होते. गाडी थांबवली.
कोंड्याच्या धुळीत पाठ वाकवून तो शिवत होता,
दाभण आत, बाहेर, सुतळी दाताने तोडायची.
मी हाक मारली नाही.
खिळ्याला दोरी टांगलेली होती.
चार गाठी, आणि पाचवीचा सैल फास.